दुखऱ्या सांध्यांचा व्यायाम: पडवीपासून पुळणीपर्यंत

गुडघा दुखायला लागला की घरची माणसं पहिल्यांदा म्हणतात, ‘आता बस एका जागी.’ म्हणतात ती मायेपोटीच, पण सांध्याच्या बाबतीत हा सल्ला उलटा पडतो. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळतं, आणि तो द्रव तिच्यात आतबाहेर खेळतो तो सांध्यावर भार पडला आणि निघाला तरच. माणूस बसून राहिला की हे येणंजाणं मंदावतं. त्यातच मांडीचा पुढचा स्नायू काही आठवड्यांत उतरतो. मग पावलाचा जो धक्का स्नायूने झेलायचा, तो सांध्यावर जातो, दुखणं वाढतं आणि माणूस आणखी बसतो.

ही साखळी घरच्या घरी तोडता येते. त्यासाठी जिम लागत नाही. हात नसलेली किंवा असलेली पण न हलणारी एक खुर्ची, एक टॉवेल, खिडकीचे गज, मोकळी भिंत आणि पुढे लागणारे अर्धा किलो तांदूळ, एवढं पुरतं.

आधी दुखणं कोणतं ते कळू द्या

‘वात आहे’ असं सरसकट म्हटलं जातं, पण व्यायाम कसा आणि कधी करायचा हे त्या वातावर ठरतं.

झिजेच्या संधिवातात सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात जातो. दिवसभराच्या वापराने, चढउताराने दुखणं वाढतं. गुडघे, खुबे, अंगठ्याचं मूळ ही त्याची नेहमीची ठिकाणं. पुढचा बहुतेक मजकूर या दुखण्यासाठी आहे.

रुमॅटॉइड संधिवातात, ज्याला बरेच जण आमवात म्हणतात, सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा जास्त टिकतो, दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजतात, थकवा येतो. यात व्यायाम औषधांसोबत करायचा, औषधांऐवजी नाही. बरं वाटतंय म्हणून मेथोट्रेक्झेट, म्हणजे या आजारावरचं नेहमीचं औषध, परस्पर बंद केलं की सांध्याच्या आतली जळजळ पुन्हा सुरू होते, आणि ती कुठल्याही व्यायामाने थांबत नाही. या रुग्णांनी मानेचे जोरकस व्यायाम, मान गोल फिरवणं, शीर्षासन, सर्वांगासन हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, कारण या आजारात मानेच्या वरच्या मणक्यांचे बंध सैल झालेले असू शकतात.

पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन सुजला, चादर लागली तरी कळ येते, तर ते बहुधा गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणारं दुखणं, असतं. तो झटका ओसरेपर्यंत त्या सांध्याला व्यायाम नाही. आणि पावसाळ्यात ताप येऊन गेल्यावर मनगटं, घोटे, बोटं महिनोन्महिने दुखत राहिली, तर चिकुनगुनियाची शक्यता डॉक्टरांना जरूर बोलून दाखवा. भारतात २००५-०६ साली या तापाची मोठी साथ आली, तेव्हापासून हे दुखणं महाराष्ट्रालाही नवं राहिलेलं नाही. त्यात खाली दिलेले हलके, बिनवजनाचे व्यायाम चालतात. फक्त वाढवायचे फार सावकाश.

व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जायलाच हवं, अशी काही लक्षणं आहेत. एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आहे. पडल्यानंतर पायावर भार टाकता येत नाही. गुडघा मध्येच अडकतो, सरळच होत नाही. एका पायाची पोटरी सुजून दुखते आहे. हातापायांना मुंग्या येतात, पकड गेली आहे. चालताना छातीत दडपतं. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर कोणती हालचाल वर्ज्य हे आधी सर्जनला विचारा. जवळ फिजिओथेरपिस्ट नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. एकदा समोर बसून पद्धत तपासून घेतली की पुढचे महिने घरी नीट जातात.

किती करायचं हे दुखणंच सांगतं

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त भीती असते ती ‘व्यायामाने झीज वाढेल’ याची. योग्य मापात केलेल्या व्यायामाने ती वाढत नाही. माप मात्र पाळायला हवं.

दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य. व्यायाम करताना तो ४-५ पर्यंत गेला तर चालतं. व्यायाम संपल्यावर दोन तासांनी तो पूर्वीच्या पातळीवर आलेला असावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा आदल्या सकाळपेक्षा जास्त सुजलेला किंवा आखडलेला नसावा. असेल, तर व्यायाम बंद करू नका; आकडे अर्ध्यावर आणा. दहा वेळा केलं असेल तर पाच वेळा. दोन-तीन दिवस तिथेच थांबा, मग पुन्हा वाढवा.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनात रोज सकाळी तो आकडा लिहून ठेवा. मन कालचं दुखणं लवकर विसरतं आणि आजचं मोठं करतं. महिनाभराचे आकडे समोर असले की खरं काय ते दिसतं. ही दिनदर्शिका पुढे पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, चालायलाही उपयोगी पडणार आहे.

स्नायूंचं दुखणं वेगळं असतं. मांडी किंवा नितंब दुसऱ्या दिवशी जड वाटले, दाबल्यावर दुखले, तर स्नायूने काम केलं एवढाच त्याचा अर्थ. ते दोन दिवसांत जातं. सांध्याच्या आत टोचणारी, तीव्र कळ आली तर मात्र तो व्यायाम त्याच क्षणी थांबवा. आणि नुसता ‘कट कट’ आवाज होतो, पण दुखत नाही, तर तिकडे लक्ष देऊ नका.

दुखणं दाबायची गोळी घेऊन जास्त व्यायाम करायचा, हे कधीही नको. गोळीने इशारा बंद होतो, सांध्यावरचा भार तसाच राहतो.

पहिले दोन आठवडे: कॉटवर आणि खुर्चीत

वेळ सकाळचीच असावी असा नियम नाही. सकाळी अंग आखडलेलं असतं. गरम पाण्याने आंघोळ झाली, चहा झाला की करा. रुमॅटॉइडवाल्यांनी तर दुपार धरली तरी उत्तम. सुरुवातीला आखडलेल्या सांध्याला १० ते १५ मिनिटं कोमट शेक द्या. सांधा गरम आणि सुजलेला असेल तर शेक नको. कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं ठेवा. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, तर शेकाचं पाणी आधी दुसऱ्या कोणाला तरी हात घालून पाहू द्या.

पहिले तीन व्यायाम झोपून करायचे. कॉट नसेल तर सोप्यातल्या बाकावर पाय लांब करून बसूनही होतात. जमिनीवर सतरंजी घालून करण्यात चूक नाही, पण तिथून उठता येत असेल तरच.

घोट्यापासून सुरुवात करा. दोन्ही पाय सरळ, पावलं स्वतःकडे ओढायची, मग पुढे ताणायची. २० वेळा. याने पोटरीतलं रक्त वर ढकललं जातं आणि पाय जागे होतात.

मग टाच सरकवा. टाच गादीवरून सरकवत गुडघा जितका सहज दुमडेल तितका दुमडा, सावकाश परत सरळ करा. प्रत्येक पायाने १० वेळा. हाताने ओढून किंवा झटका देऊन आणखी दुमडायचा प्रयत्न करू नका. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली की ती अडत नाही.

तिसरा व्यायाम दिसायला सगळ्यात साधा, आणि गुडघ्यासाठी सगळ्यात मोलाचा. टॉवेलची मनगटाएवढी गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवा. आता गुडघ्याची मागची बाजू त्या गुंडाळीवर दाबा. मांडीचा पुढचा भाग दगडासारखा घट्ट झाला पाहिजे आणि गुडघ्याची वाटी किंचित मांडीकडे सरकलेली दिसली पाहिजे. मोठ्याने पाच आकडे मोजा, सोडा, तीन आकडे विश्रांती. १० वेळा. मोठ्याने मोजायचं कारण असं की जोर लावताना माणूस श्वास रोखतो, आणि रोखलेल्या श्वासाने रक्तदाब चढतो. बोलता बोलता श्वास रोखता येत नाही. बरेच जण मांडीऐवजी नितंब आवळतात आणि काहीच फरक पडत नाही म्हणतात. एक हात मांडीवर ठेवा. ती घट्ट होतेय का ते हाताला कळतं.

गुडघा सुजलेला असला तरी हा व्यायाम बहुतेकांना करता येतो, कारण त्यात सांधा जवळजवळ हलत नाही. मात्र व्यायाम झाला की गुंडाळी काढून ठेवायची. गुडघ्याखाली उशी घेऊन रात्रभर झोपायची सवय पुष्कळांना असते. बरं वाटतं, पण महिनोन्महिने अर्धवट वाकलेला गुडघा मग सरळच होईनासा होतो, आणि वाकलेल्या गुडघ्याने चालताना प्रत्येक पावलाला मांडीला जास्त कष्ट पडतात. गुडघेदुखीतली ही सर्वांत सहज टाळता येण्यासारखी चूक आहे.

हे तिन्ही चार-पाच दिवस नीट जमले की सरळ पाय उचला. एक गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवा. दुसरा पाय आधी वरच्यासारखा घट्ट करा, मग तसाच सरळ, वीतभर उचला, पाच मोजा, सावकाश खाली. ८ वेळा. कंबर दुखत असेल तर हा सोडा आणि त्याऐवजी खुर्चीत पाठ टेकून बसून पाय पुढे सरळ करा, पाच मोजा, खाली ठेवा. कामगिरी जवळजवळ तीच.

हे सगळं १५ मिनिटांत होतं. पहिले दोन आठवडे रोज एकदा. याहून जास्त करायचा उत्साह येईल, पण स्नायू आणि सांधा यांना भार ओळखीचा व्हायला वेळ लागतो. पहिल्याच आठवड्यात चाळीस वेळा पाय उचलणाऱ्यांचाच व्यायाम दुसऱ्या आठवड्यात बंद पडतो.

तिसऱ्या आठवड्यापासून: खुर्चीतून उठा

खुर्चीतून उठणं आणि बसणं हा एकच व्यायाम निवडायचा झाला, तर आम्ही हाच निवडू. न्हाणीघरातून, एसटीच्या सीटवरून, देवळाच्या पायरीवरून उठायला जे बळ लागतं, ते यातून मिळतं.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे मागे सरकणार नाही. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची नको. तिचे पाय फाकतात. बसायची उंची दीड फुटाच्या आसपास हवी. अवघड जात असेल तर वर घट्ट घडी केलेली गोधडी ठेवून ती तीन-चार इंचांनी वाढवा.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं खांद्यांएवढ्या अंतरावर, आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. आता कंबरेतून पुढे वाका, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. तिथून टाचांवर जोर देऊन उठा. पूर्ण ताठ व्हा. बसताना तीन मोजत, नितंब मागे नेत बसा. सुरुवातीला ५ वेळा, मिनिटभर थांबून आणखी ५. हात मांडीवर किंवा खुर्चीच्या हातांवर टेकवले तरी चालतील. आठवडाभराने हातांचा जोर कमी करा, मग गोधडीची एक घडी काढा. छातीवर हात बांधून १० वेळा दोनदा जमायला काहींना दोन महिने लागतात.

यात बिघडतं ते तीन ठिकाणी. पुढे न वाकता सरळ उठायला गेलं की सगळा भार गुडघ्यांवर येतो आणि कळ येते. उठताना गुडघे आत, एकमेकांकडे पडतात. तसे पडत असतील तर नजर खाली ठेवून गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. आणि बसताना धपकन पडणं, त्यात व्यायामाचा अर्धा फायदा जातो, कारण सावकाश खाली येतानाच मांडी जास्त शिकते.

महिन्यातून एकदा घड्याळ लावून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा आणि दिनदर्शिकेवर लिहा. दुखण्याचा आकडा हटला नाही तरी हा आकडा बहुधा आधी वाढतो, आणि तो वाढला की हुरूप टिकतो.

उभ्याने करायचे बाकीचे व्यायाम खिडकीचे गज किंवा पडवीचा खांब धरून करा. दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, १० वेळा. एक पाय सरळ ठेवून बाजूला वीतभर नेणं, प्रत्येकी ८ वेळा. यात धड दुसऱ्या बाजूला कलत असेल तर पाय कमी न्या. हा नितंबाच्या बाजूच्या स्नायूचा व्यायाम आहे, आणि डुलत डुलत चालणाऱ्यांचा हाच स्नायू कमजोर असतो. शेवटी तोल: एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून १० सेकंद उभं राहा, आधारावर नुसती बोटं टेकवून. अंधुक उजेडात किंवा ओल्या लादीवर तोलाचा व्यायाम करू नका.

जोराचे व्यायाम एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा पुरेत. मधल्या दिवशी घोटे हलवणं, टाच सरकवणं आणि चालणं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात सरळ पाय उचलणं अगदी सोपं वाटू लागलं, की कापडी पिशवीत अर्धा किलो तांदूळ भरून ती घोट्यावर सैलसर बांधा आणि आकडा १२ पर्यंत वाढवला असेल तर तो पुन्हा ८ वर आणा. दर दोन आठवड्यांनी पाव किलो वाढवा. खरा फरक ६ ते १२ आठवड्यांत जाणवतो. त्याआधी ‘काही होत नाही’ म्हणून सोडू नका.

हात आणि खांदे

बोटांसाठी कोमट पाण्याचं घमेलं घ्या आणि हात पाण्यात ठेवूनच करा. बोटं सरळ, मग मधली पेरं दुमडून आकड्यासारखी, मग पूर्ण मूठ, पण सैल, मग पुन्हा सरळ. ८ वेळा. नंतर अंगठ्याने एकेका बोटाचं टोक गाठायचं. रुमॅटॉइडमध्ये बोटं करंगळीच्या बाजूला झुकत जातात, म्हणून तळवा टेबलावर पालथा ठेवून एकेक बोट अंगठ्याकडे सरकवा. चेंडू घट्ट दाबायचा व्यायाम बाजारात फार सांगितला जातो. सुजलेल्या बोटांना तो नको.

खांद्यासाठी भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढा, जिथे ओढ बसते तिथे पाच मोजा, बोटांनीच खाली या. केरसुणीचा नव्हे, झाडूचा लांब दांडा दोन्ही हातांत आडवा धरून वर नेणं हाही चांगला. चांगला हात दुखऱ्याला घेऊन जातो.

पण हातांच्या बाबतीत व्यायामाइतकीच कामाची पद्धत बदलणं महत्त्वाचं आहे. विळी म्हणा, आडाळो म्हणा, जमिनीवर बसून रोजचा नारळ खोवताना मनगट, अंगठा आणि गुडघे तिन्ही एकदम दाबले जातात. ओट्याच्या कडेला घट्ट बसणारी, हाताने फिरवायची खोवणी मिळते, ती घ्या. कपडा पिळताना नळाभोवती वेढा घालून दोन्ही टोकं एकत्र फिरवा. कळशी एका हाताने लटकवण्यापेक्षा दोन छोट्या बादल्या अर्ध्या भरून न्या.

चालणं: पुळण, पाखाडी, पडवी

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम गतीची हालचाल असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या आकड्याने घाबरू नका. दुखणं न वाढता जितकी मिनिटं चालता येतं, तिथून सुरुवात करा, ती पाच का असेनात. दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. बोलता येतंय पण गाता येणार नाही, एवढा वेग. सलग ३० मिनिटं नको असतील तर दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या करा. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो असं आढळलं. वजन जास्त असेल तर दोन-तीन किलोंनीही पावलांत फरक पडतो तो यामुळे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना चालायला पुळण मिळते, हे भाग्यच. पण सगळी वाळू सारखी नाही. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो, घोटा वाकडा पडतो, गुडघा पिळतो, ती टाळा. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट पट्टी निवडा, जिथे पावलाचा ठसा उथळ उमटतो. दापोलीजवळचं मुरुड, अलिबागकडचं नागाव-आक्षी, इथे ओहोटीला रुंद, सपाट पट्टी मिळते. गणपतीपुळ्यासारखी पुळण समुद्राकडे उतरती आहे. तिरक्या उतारावर चालताना एक पाय सतत खाली राहतो आणि खुबा व कंबर भरून येतात. तिथे चालण्यापेक्षा आतला सपाट रस्ता बरा.

वेळ काढायला दर्यावर्दी माणसांचा हिशोब वापरा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, आणि त्यापासून सव्वासहा तासांवर ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना १५ धरायचं, दोन्ही पक्षांत हिशोब तोच. म्हणजे अमावास्येला किंवा पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला. तिथून रोज पाऊण-एक तासाने पुढे. तेव्हा द्वितीया, तृतीयेला सकाळी सातला चालायला उत्तम पट्टी मिळते. अष्टमीला सकाळी सहाला भरती असते, त्या दिवशी रस्त्यावर चाला. नक्की वेळ बंदरावरच्या कोळीबांधवांना विचारा. त्यांचा अंदाज चुकत नाही.

अनवाणी चालायचं असेल तर मधुमेह नसल्याची खात्री हवी. बधिर पायाला शिंपल्याची कड लागलेली कळतही नाही. पाण्यात चालण्याने सांध्यांवरचा भार खूप हलका होतो. कंबरभर पाण्यात शरीराचं वजन निम्म्यावर येतं. पण त्यासाठी तरणतलाव हवा. लाटांच्या समुद्रात उभं राहून व्यायाम करू नका, आणि खाडीत तर नाहीच.

पाखाडी, म्हणजे चढणीची पायऱ्यांची वाट, आणि चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, पायऱ्या हा कोकणातल्या गुडघ्यांचा खरा प्रश्न. चिरा आडवा घातला तरी पायरी सात-आठ इंचांची होते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एकेका पायरीवर दोन्ही पाय. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दुखऱ्याच बाजूला काठी धरणारे फार दिसतात. त्याने भार कमी होण्याऐवजी शरीर त्याच बाजूला कलतं. उभं राहून हात सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तेवढीच काठी उंच हवी. खाली रबरी बूच पाहिजेच, आणि ते झिजलं की बदला. बागेतली नुसती वेळूची काठी ओल्या चिऱ्यावरून घसरते.

पावसाळ्यात पाखाडीवर शेवाळ धरतं. जून ते सप्टेंबर बाहेर चालता येण्याची वाट पाहत बसलात तर चार महिन्यांत वर्षभराची कमाई जाते. पडवीत फेऱ्या घाला. पडवी २० फुटांची असेल तर ५० फेऱ्या म्हणजे तीनशे मीटर. वळताना एका पायावर गिरकी घेऊ नका, तीन-चार छोटी पावलं टाकून वळा, कारण पीळ गुडघ्याला भारापेक्षाही सहन होत नाही. झडीच्या दिवसांत सांधे जास्त आखडल्यासारखे वाटतात. अशा दिवशी जोराचे व्यायाम कमी आणि हलके व्यायाम दोनदा करा.

सांधा चिडला तर

एखाद्या आठवड्यात सांधा सुजतो, गरम लागतो. भातलावणीत दिवसभर वाकून काम झालेलं असतं किंवा लग्नघरात उभं राहणं. दोन-तीन दिवस तांदळाची पिशवी, खुर्चीतून उठणं आणि लांब चालणं थांबवा. टॉवेल दाबणं, घोटे हलवणं, टाच अलगद सरकवणं चालू ठेवा. सुजलेल्या सांध्यावर जोराने मालीश करू नका. सूज उतरल्यावर आधीच्या निम्म्या आकड्यांपासून सुरू करा. आठवडाभरात उतरली नाही तर डॉक्टरांकडे जा. रुमॅटॉइडमध्ये इतकीही वाट पाहू नका, औषधाचं प्रमाण बदलायची वेळ आलेली असू शकते.

खरं तर बहुतेकांचा सांधा वाईट दिवशी नव्हे, चांगल्या दिवशी बिघडतो. आज बरं वाटतंय म्हणून अंगण सारवलं, माळा काढला, दोन किलोमीटर चालून आलं, आणि मग चार दिवस अंथरुणात. चांगल्या दिवशीही दिनदर्शिकेवर ठरलेलंच करा.

वज्रासन, पद्मासन, उकिडवं बसणं हे दुखऱ्या गुडघ्याला सोसत नाही. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यात वाटीमागचा दाब फार वाढतो. योगवर्गाला जात असाल तर शिक्षकांना आधीच सांगा आणि खुर्चीवर बसून करा. नी-कॅप चालताना घालायला हरकत नाही, पण दिवसभर नको.

गणपतीच्या आधी जमिनीवरून उठायला शिका

वर्षभर खुर्चीवर बसणारेही गणपतीत जमिनीवर बसतात, आणि उठताना घोटाळा होतो. म्हणून श्रावण लागला की हे शिकून घ्या. पहिल्यांदा घरातलं कोणी जवळ उभं असू द्या.

जमिनीवर बसलेले असताना जवळ भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची हवी. एका कुशीवर वळा, दोन्ही हात जमिनीवर टेकून चारी पायांवर या. गुडघ्याखाली घडी केलेली गोधडी असू द्या. रांगत खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात तिच्या बैठकीवर ठेवा. चांगल्या पायाचं पाऊल पुढे टेकवा. आता नाक खुर्चीवर नेत, हात आणि पुढचा पाय दोन्हींनी ढकलून उठा, वळून खुर्चीत बसा आणि दहा श्वास घ्या. लगेच चालू नका. उठल्याबरोबर भोवळ येऊ शकते.

गुडघे टेकताच कळ येत असेल तर यंदा जमिनीवर बसूच नका. आरतीला पाठीमागे खुर्ची ठेवा, एका आरतीला उभं राहा, पुढच्या दोन बसून म्हणा. उभं असताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेत राहा, मध्ये टाचा दोन-चारदा उचला. आणि मोदक वळायला पाटावर न बसता टेबलाशी बसा. उकड गरम असताना मळायचं काम बोटं सुजलेल्या माणसाला देऊ नका. पारी करणं आणि मुखऱ्या पाडणं, हे कोमट पिठातलं हलकं काम मात्र त्यांच्या बोटांना मानवतं.